मनोराज्यांतील गडी

मनोराज्य करावयास दाम मोजावा लागत नाहीं, अशी आमच्या वाडवडिलांची समजूत होती. आणि त्यांच्या काळीं ती खरीही असावी. गोष्टींतल्या शेखचिल्लीनें डोक्यावरच्या टोपलीच्या भरंवशावर गुरें, वाडा, बायको इतका सगळा प्रपंच उभा केला आणि ऐन भरांत मान हलवून तो मोडला. तरी हिशेब करूं गेल्यास त्याचें खरें नुकसान टोपलीभर अंड्यांचेंच झालें. अलीकडे हा व्यवहार इतका स्वस्त राहिलेला नाहीं. घरीं बसून क्रिकेटच्या गड्यांचा एक संघ कल्पनेनें उभा करावा. ते गडी मैदानावर खरोखर जो पराक्रम करतील त्याचे गुण आपल्या खातीं जमा व्हावे. आणि ज्याचे गुण अधिक तो जिंकला असें सर्वांनीं मानावें, असा एक खेळ मध्यंतरीं आपल्याकडे फार बोकाळला. त्यास फँटसी क्रिकेट म्हणतात. आम्ही त्यास मनोराज्याचें क्रिकेट म्हणतों आणि २०२० सालापासून तें मोठ्या निष्ठेनें खेळत आलों आहों. हें वाचून ज्या सुज्ञ वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल त्यांस तूर्त एवढेंच सांगणें आहे कीं, आमच्या खेळांत पैसा नाहीं. पूर्वीं एक मिसळ होती, तीही आतां नाहीं. ती कशी गेली तें पुढें येईलच.

या खेळाचें कूळ अमेरिकेंतलें आणि गोत्र बेसबॉलचें. १९६० सालीं विल्यम गॅमसन नांवाच्या एका समाजशास्त्रज्ञानें आपल्या स्नेह्यांत अशा तऱ्हेचा डाव मांडला आणि त्यास 'बेसबॉल सेमिनार' असें विद्यापीठाच्या इभ्रतीला साजेसें नांव दिलें. पुढें १९८० सालीं डॅनियल ऑक्रेंट या लेखक-संपादकानें न्यूयॉर्कमधील आपल्या मित्रांना जमवून त्यास हल्लींचें रूप आणलें. ही मंडळी 'ला रोतिसरी फ्रांसेज' नांवाच्या उपाहारगृहांत भेटत, म्हणून खेळाला रोटिसरी हें नांव चिकटलें. प्रत्येकाजवळ २६० डॉलर. तेवढ्यांत लिलावाच्या बोलींत २३ गडी घ्यावयाचे. आणि एकदां एकानें घेतलेला गडी त्यानें स्वखुषीनें सोडल्याखेरीज दुसऱ्यास मिळावयाचा नाहीं, असा त्यांचा दंडक. एवढा मोठा शोध लावणाऱ्या ऑक्रेंटमहाशयांना स्वतःला ती स्पर्धा कधीं जिंकतां आली नाहीं, असें सांगतात. शास्त्र रचणारा एक आणि त्याचें फळ चाखणारा दुसरा, हा प्रकार अमेरिकेंतही आहे हें कळून आम्हांस थोडें बरें वाटलें.

वर सांगितलेला दंडक, म्हणजे एक गडी एकाचाच, हें या खेळाचें मर्म आहे. आणि आपल्याकडे जो प्रकार फैलावला त्यांत नेमकें तेंच गळालें. २००८ सालीं हर्ष जैन व भावित शेठ यांनीं मुंबईंत 'ड्रीम इलेव्हन' ही संस्था काढली. तिच्या खेळांत शंभर गुणांच्या मर्यादेंत अकरा गडी निवडावयाचे. कर्णधार नेमाल त्याचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. परंतु विराट कोहली तुम्हीही घ्यावा, आम्हीही घ्यावा आणि आणखी लाखों लोकांनींही घ्यावा, त्यास आडकाठी नव्हती. त्यामुळें प्रतिस्पर्धी कोण हें कोणालाच कळत नसे. पलीकडे माणूस बसला आहे ही जाणीवच जेथें नाहीं तेथें डाव कसला? ती एक मोठी सोडत होऊन जाते, मग ती काढावयास कितीही अक्कल लागो. मुंबई उच्च न्यायालयानें ३० एप्रिल २०१९ रोजीं हा खेळ कौशल्याचा आहे, जुगार नव्हे, असा निकाल दिला. कायद्याच्या दृष्टीनें तो योग्यच असेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कौशल्यानेंही माणूस बुडूं शकतो; किंबहुना आपल्याला कौशल्य आहे अशी खात्री झालेला माणूस अधिक खोल जातो.

आमच्या मंडळीची उत्पत्ति आगगाडींत झाली. बदलापूर हें मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज स्थानकापासून सुमारें ६८ किलोमीटर. तेथून सुटणाऱ्या सकाळच्या गाडींत आम्ही बदलापूरकर बसून निघावें, अंबरनाथकरांनीं दारापाशीं शिरकाव करून घ्यावा, उल्हासनगरच्या लोकांनीं एका पायावर तोल सांभाळावा आणि ठाणें आलें कीं बसलेल्यांनीं उठून उभ्यांना जागा द्यावी, ही त्या डब्याची घटना. आणि ती लिहिलेली नसूनही आम्हीं मोडलेली कोणी पाहिली नाहीं. मार्च २०२० मध्यें लोकल बंद पडल्या. जूनमध्यें त्या पुन्हां धांवूं लागल्या, पण अत्यावश्यक सेवेंतल्या लोकांपुरत्या. वीस-वीस वर्षें रोज तीन तास ज्यांच्या सहवासांत काढलें तीं माणसें एकाएकीं दिसेनाशीं झालीं. घरांत बसून तोंडाला कुलूप पडलें होतें. त्या सालीं आयपीएलचे सामने सप्टेंबरांत अबुधाबी-दुबईकडे सुरू झाले, तेव्हां हा डाव मांडण्याची कल्पना आमच्या भाचीनें काढली. ती संख्याशास्त्र शिकलेली आहे, आणि मामाची टकळी घरांत ऐकण्यापेक्षां ती टेलिफोनवर सात जणांत वांटून टाकावी असा तिचा व्यावहारिक हेतु होता.

मंडळी आठ. आम्ही आणि भाची बदलापूरचीं. शिवाय पूर्वेकडे दवाखाना असलेले एक डॉक्टर. अंबरनाथच्या आयुधनिर्माणींतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांस सर्वजण अंबरनाथकरच म्हणतात. एका शाळेंतल्या गणिताच्या बाई. बँकेंतले दोघे. आणि उल्हासनगरचे शेठ, यांचा कॅम्प नंबर पांचला जीनच्या कापडाचा धंदा आहे. संघांचीं नांवेंही ज्याच्या त्याच्या गांवावरून: आमचा 'बारवी', अंबरनाथकरांचा 'शिवमंदिर', शेठजींचा 'कॅम्प पांच'. नऊशें-साडेनऊशें वर्षांच्या शिवालयाचें नांव क्रिकेटच्या संघाला द्यावें कीं न द्यावें यावर अंबरनाथकरांच्या घरीं एक रात्र वाद झाला म्हणतात. पण तो वाद या लेखाचा विषय नव्हे.

शेठजींच्या वडिलांनीं फाळणीनंतर कराची सोडली आणि कल्याण कॅम्पांतल्या लष्करी बराकींत संसार मांडला. त्यांच्या सांगण्यांत कराचीच्या नावूमल जावूमलचें नांव हटकून येई. १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हां सलामीला उतरलेल्या जोडींत एक हा नावूमल आणि दुसरे पुण्याकडचे जनार्दन नवले. शेठजी दर वर्षीं लिलाव सुरू होण्यापूर्वीं आमच्या पाठीवर थाप मारून सांगतात, "साहेब, पहिली जोडी एक मराठी आणि एक सिंधी. इंग्रजाच्या घरीं!" एवढें बोलून झालें कीं ते आम्हांस लिलावांत निर्दयपणें लुबाडावयास मोकळे होतात.

आतां लिलावाविषयीं. पहिल्या वर्षीं आम्ही बोली लावीत नव्हतों, पाळीपाळीनें गडी उचलीत होतों. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावयाचा. पहिल्या फेरींत एकापासून आठापर्यंत जावयाचें आणि दुसरींत आठापासून एकाकडे परत यावयाचें. या नागमोडी क्रमानें पहिल्याला पहिला गडी मिळतो, पण त्यानंतर एकदम सोळावा आणि सतरावा. आठव्याला आठवा आणि नववा असे लागोपाठ दोन. न्याय उत्तम. परंतु ज्याची चिठ्ठी आठवी निघे तो वर्षभर आपल्या पराभवाचें खापर त्या चिठ्ठीवर फोडी. म्हणून दुसऱ्या वर्षापासून लिलाव. प्रत्येकास शंभर काल्पनिक नाणीं आणि बारा गडी घेण्याची सक्ति. त्यांत एक तरी यष्टिरक्षक, दोन अष्टपैलू आणि चार गोलंदाज हवेत. प्रत्येक जागेसाठीं निदान एक नाणें राखलेंच पाहिजे, म्हणून पहिल्या गड्यावर कोणालाही एकोणनव्वदाच्या वर जातां येत नाहीं. (बँकेंतल्या एकानें एकदां खरोखर सत्तरापर्यंत मजल मारली होती. त्याच्या उरलेल्या संघाविषयीं न बोललेलें बरें.)

सामान्य माणूस गड्यांची प्रतवारी करतो ती अशी: गेल्या वर्षीं ज्यानें सर्वांत अधिक धांवा काढल्या तो पहिला, त्याखालीं दुसरा, त्याखालीं तिसरा. भाचीनें पहिल्याच बैठकींत हें सर्व पुसून टाकलें. तिचें म्हणणें असें कीं, गडी किती धांवा काढतो हा प्रश्नच चुकीचा. तो नसता तर त्याच्या जागीं आपल्याला जो मिळाला असता त्याहून हा किती अधिक काढतो, हा खरा प्रश्न. समजा, एक फलंदाज ६०० धांवा काढील असा अदमास आहे. पण सगळे चांगले फलंदाज संपल्यावरही ४०० काढणारा कोणीतरी एका नाण्यांत मिळतोच. म्हणजे त्याचें खरें मोल २०० चें. उलट, एक यष्टिरक्षक ५०० काढील. पण संघ दहा, प्रत्येकांत हातमोजे घालणारा एकच, आणि त्यांतले वरच्या क्रमांकावर खेळणारे थोडे. ते संपले कीं मागें उरतो तो २०० वाला. तेव्हां याचें मोल ३००. धांवा शंभरांनीं कमी असूनही हाच महाग घ्यावयाचा. गणिताच्या बाईंना हें तत्काळ पटलें. आम्हांस पटावयास दोन हंगाम लागले, आणि अंबरनाथकरांस अजून पटलेलें नाहीं.

दुसरा तिचा सिद्धांत पायऱ्यांचा. अकरावा गडी आणि बारावा गडी यांत फरक काय, असें विचारलें तर कोणीही प्रामाणिकपणें सांगूं शकणार नाहीं; मग क्रमांक कशाला? ती गड्यांना पायऱ्यांवर बसविते: पहिल्या पायरीवर तिघे, दुसरीवर सहा, तिसरीवर पांच, असे. एका पायरीवर चार गडी शिल्लक असतील तर घाई नको. दुसऱ्यांना भांडूं द्यावें. एकच शिल्लक असेल तर हात वर करावा, कारण त्याच्याखालीं कडा आहे. अष्टपैलू गड्यांच्या बाबतींत हा कडा अलीकडे फारच उभा झाला. २०२३ पासून आयपीएलमध्यें 'इंपॅक्ट प्लेअर' नांवाचा नियम आला. त्यान्वयें सामना चालू असतांना एका गड्याच्या जागीं दुसरा आणतां येतो. मग थोडी फलंदाजी आणि थोडी गोलंदाजी येणाऱ्या माणसाची गरज कोणाला? फलंदाजीच्या वेळीं निव्वळ फलंदाज, गोलंदाजीच्या वेळीं निव्वळ गोलंदाज. रोहित शर्मानें या नियमाविषयीं उघड नापसंती दाखविली ती याच कारणासाठीं. आपल्या समाजांतही हरहुन्नरी माणसावर हीच पाळी आली आहे, असा एक विचार येथें आमच्या मनांत येऊन गेला. पण तो लांबवीत नाहीं.

शेठजींना यांतलें कांहीं एक माहीत नाहीं, तरी त्यांच्याशीं गांठ पडूं नये. बाजाराचें ज्ञान हें पुस्तकी ज्ञानाचें थोरलें भावंड आहे. त्यांची पाळी आली कीं ते असा गडी पुकारतात जो त्यांना स्वतःला नकोच असतो आणि बाकीच्या चौघांना जिवापाड हवा असतो. चौघे आपसांत झुंजतात, थैल्या रिकाम्या होतात, आणि शेवटच्या तासांत शेठजी एकटे भरल्या थैलीनें मांडी घालून बसतात. "मालाचा भाव पाहूं नका, साहेब," ते म्हणतात, "समोरच्याच्या खिशांत किती उरलें तें पाहा." डॉक्टरांचा मार्ग याहून सरळ. खऱ्या लिलावांत ज्याला मोठी किंमत आली तो मोठा गडी, असें ते धरून चालतात. २४ व २५ नोव्हेंबर २०२४ रोजीं जेद्दा येथें झालेल्या लिलावांत ऋषभ पंतला लखनौनें २७ कोटींस घेतलें, तेवढ्यावरून पुढें मार्चमध्यें डॉक्टरांनीं आमच्याकडे त्याच्यावर एकतीस नाणीं ओतलीं.

त्या मार्चच्या लिलावाचीच हकीकत सांगावयाची आहे. त्या वर्षीं बँकेंतले एक स्नेही मुलाकडे पुण्यास कायमचे राहावयास गेले आणि आठवी जागा मोकळी झाली. अंबरनाथचा एक तरुण पुष्कळ दिवस आमच्या डब्यांत येत असे. मुंबईच्या एका कचेरींत हिशेबनीस, वय तिशीच्या आंत, बोलणें थोडें. क्रिकेटच्या आंकड्यांचें त्याचें ज्ञान असें कीं, भाचीही वहींत पाहिल्याशिवाय त्याच्याशीं वाद घालीत नसे. हें ज्ञान त्यानें कोठें मिळविलें तें हळूहळू कळलें. तो अनेक वर्षें टेलिफोनवर पैसे लावून हाच खेळ रोज खेळे. आरंभीं एकोणपन्नास रुपये. मग एकदां कांहीं हजार मिळाले. मग पगारांतला भाग, मग पगार, मग टेलिफोनवरच कर्ज देणाऱ्यांकडून कर्ज, आणि शेवटीं आईच्या पाटल्या. एकंदर आंकडा त्यानें आम्हांस एका संध्याकाळीं फलाटावर सांगितला. तो येथें देण्याचें कारण नाहीं. २०२४ च्या दिवाळीपासून त्यानें तें सोडलें होतें.

त्यास आठवा घ्यावा कीं नाहीं, यावर मंडळींत जितका वाद झाला तितका कोणत्याही गड्यावरून झाला नसेल. अंबरनाथकर स्पष्ट म्हणाले, "सुटलेल्या माणसाला गुत्त्याच्या दारांत पाणी प्यायला बोलावूं नये." त्यांचें म्हणणें खोटें होतें असें आम्हांस आजही वाटत नाहीं. भाची म्हणाली, "मामा, त्याला येतें तें हें एकच. तेंही काढून घेतलें तर संध्याकाळीं तो करील काय?" यावर कोणाजवळ उत्तर नव्हतें. अखेर असें ठरलें कीं, त्यास घ्यावें, पण आमच्या खेळांत जी एक बारीकशी पैज होती, म्हणजे शेवटीं राहणारानें सर्वांस मिसळ द्यावी, तीही बंद करावी. रकमेचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. शेठजींनीं सर्वांत अधिक कुरकुर केली. ते कधींच शेवटीं राहिलेले नव्हते, तेव्हां ती कुरकुर समजण्यासारखी होती. पण लिलावाच्या दिवशीं तेच स्वतः पहाटे उठून कॅम्पांतून डबाभर दाल-पकवान घेऊन आले, आणि ही पैज नव्हे असें दोनदां बजावून त्यांनीं तें त्या तरुणाच्या पुढें ठेवलें.

१६ मार्च २०२५, रविवार. होळी होऊन गेली होती, सामने शनिवारीं सुरू व्हावयाचे होते. आमच्या बदलापूरच्या दिवाणखान्यांत सकाळीं दहाला लिलावाला आरंभ झाला. पहिला तासभर त्या तरुणानें तोंड उघडलें नाहीं. मोठीं मोठीं नांवें येत होतीं, जात होतीं. डॉक्टरांनीं आपलीं एकतीस उधळलीं. बुमराच्या पाठीला दुखापत असून तो पहिले कांहीं सामने खेळणार नाहीं हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें अंबरनाथकरांना तो निम्म्या भावांत मिळाला. सूर्यकुमार यादवचें नांव निघालें तेव्हां त्या तरुणानें प्रथम बोली लावली. तोंडाला कोरड पडल्यासारखा त्याचा आवाज आला. एकवीस नाण्यांना तो गडी त्याचा झाला. पुढें मात्र तो बरोबर कड्यापाशीं हात वर करी, एक-दोन नाण्यांत पुरता गडी उचली आणि पुन्हां गप्प बसे. भाचीच्या पायऱ्या त्याच्याही डोक्यांत होत्या. त्यानें त्या कोठें शिकल्या नव्हत्या.

आमची पाळी आली तेव्हां आम्हीं अजिंक्य रहाणेचें नांव पुकारलें. जेद्दाच्या लिलावांत पहिल्या फेरीला त्याला कोणी विचारलेंही नव्हतें; मागाहून कोलकात्यानें दीड कोटींस घेऊन कर्णधार केलें. भाचीच्या तक्त्यांत तो खालच्या पायरीवर. "मामा, डोंबिवलीला वाढलेल्या प्रत्येकाला तुम्ही संघांत घेणार का?" सगळे हंसले. आम्हीं तीन नाणीं दिलीं. तुषार देशपांडेही एका नाण्यांत घेतला, तो कल्याणचा. दुपारीं अडीचला लिलाव संपला. सर्वांच्या थैल्या रिकाम्या. त्या तरुणाचे बारा गडी पुरे झाले होते आणि सहा नाणीं शिल्लक होतीं.

लिलावाच्या शास्त्राप्रमाणें शिल्लक राहणें हें उधळपट्टीइतकेंच वाईट. कारण उरलेल्या नाण्यांचा पुढें कांहीं उपयोग नाहीं. भाचीनें त्यास तसें सांगितलें. "या सहांत एक गोलंदाज तरी चांगला आला असता."

तो म्हणाला, "असूं द्या, ताई. हातांत कांहीं उरलें असें पुष्कळ दिवसांत झालें नव्हतें."

हंगामाचें सर्व वर्णन करीत नाहीं. ज्यांनीं तो पाहिला त्यांस तें नको आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांस त्यांत रस नाहीं. दोन-चार गोष्टी मात्र प्रतवारीच्या दृष्टीनें नोंदण्यासारख्या आहेत. पंतच्या सबंध हंगामांत २६९ धांवा झाल्या, त्यांतल्या ११८ एकट्या शेवटच्या सामन्यांत. तोंवर डॉक्टरांचें नाडीज्ञान पार विझलें होतें. कोलकात्यानें ज्या वेंकटेश अय्यरला २३ कोटी ७५ लाख दिले त्याच्या १४२ धांवा, आणि दीड कोटीच्या रहाणेच्या ३९०. राजस्थाननें १ कोटी १० लाखांस घेतलेला वैभव सूर्यवंशी हा लिलावाच्या वेळीं तेरा वर्षांचा होता. तो आमच्यांपैकीं कोणाच्याच पायरीवर नव्हता. २८ एप्रिलला त्यानें जयपुरास ३५ चेंडूंत शतक काढलें. बुमरा परत आला आणि बारा सामन्यांत अठरा बळी घेऊन गेला. ९ मेला सीमेवरील संघर्षामुळें स्पर्धाच थांबली. १७ मेला पुन्हां सुरू झाली तेव्हां कित्येक परदेशी गडी परतलेच नव्हते, आणि गणिताच्या बाईंचा संघ, ज्यांत परदेशीयांचा भरणा होता, अर्ध्यावर आला. त्यांनीं तें ज्या शांतपणें घेतलें त्यावरून त्यांच्या विद्यार्थ्यांचा आम्हांस हेवा वाटला. शेठजींजवळ ७५९ धांवांचा साई सुदर्शन आणि २५ बळींचा प्रसिद्ध कृष्ण असे दोघेही स्वस्तांत आलेले होते. ते पहिले आले. दुसरा तो तरुण. त्याच्या सूर्यकुमारनें ७१७ धांवा काढल्या, आणि सोळाच्या सोळा डावांत एकदांही पंचविसाच्या खालीं तो उतरला नाहीं. असा गडी घेणें म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार येण्यासारखें आहे, असें तो तरुण म्हणाला.

प्रतवारी करणारांशीं आमचें एक जुनें भांडण आहे, तें येथें मांडल्यावांचून राहवत नाहीं. १९४३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरींत विजय हजारे यांनीं 'रेस्ट' संघाच्या दुसऱ्या डावांत ३८७ पैकीं एकट्यानें ३०९ धांवा काढल्या. त्यांत सहाव्या गड्याची भागी ३०० धांवांची. जोडीला त्यांचे बंधु विवेक. या ३०० मध्यें विवेक हजाऱ्यांच्या धांवा २१. कोणत्याही तक्त्यांत त्यांस एकवीस गुणच मिळतील. पलीकडच्या टोकाला तास न् तास उभे राहण्याचे गुण कोणत्या रकान्यांत लिहावयाचे? तसेंच १९४६ सालीं ओव्हलवर सरे संघाविरुद्ध दहावे चंदू सरवटे आणि अकरावे शुटे बॅनर्जी या दोघांनीं शतकें ठोकून २४९ धांवांची भागी केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं, फेब्रुवारी २०२४ मध्यें, मुंबईकडून बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि आमचा कल्याणचा तुषार देशपांडे यांनीं तोच पराक्रम पुन्हां केला: दहावा नाबाद १२०, अकरावा १२३. भाची म्हणते, पाऊणशें वर्षांत दोनदां घडणाऱ्या गोष्टीसाठीं नाणीं राखून ठेवावयाची नसतात. आंकड्यांनीं तिचें बरोबर आहे. तरीही अकराव्या गड्याला आम्ही एक नाणें देतों, आणि पुढेंही देणार.

२०२५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें पैसे लावून खेळावयाच्या या प्रकारावर बंदीचा कायदा आणला. २० तारखेस लोकसभेंत, २१ तारखेस राज्यसभेंत तो मंजूर झाला, आणि २२ रोजीं त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. ड्रीम इलेव्हननें पैशाच्या स्पर्धा बंद केल्या. भारतीय संघाच्या अंगरख्यावर तिचें नांव होतें तेंही उतरलें. त्या आठवड्यांत गाडींत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, सरकारनें उशीर केला. कोणी म्हणे, धंदा बुडविला. कोणी हजारों पोरांच्या नोकऱ्यांचा हिशेब करी. त्या तरुणाला आनंद झाला असेल अशा समजुतीनें आम्हीं त्याच्याकडे पाहिलें. तो दारापाशीं उभा होता. म्हणाला, "काका, आनंद कसला? पांच तारखेचा हप्ता आहे तो आहेच." आणि थोड्या वेळानें, कल्याण गेल्यावर: "पण आतां रात्रीं फोन वाजत नाहीं. सारखा वाजायचा. पहिला सामना फुकट म्हणून."

त्यानंतर दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाचे नियम ठरविण्यासाठीं आम्ही जमलों. तेथें अंबरनाथकरांनीं एक सूचना मांडली: ज्याचीं नाणीं शिल्लक राहतील त्याला तीं पुढच्या लिलावांत शंभरांवर अधिक मिळावींत. सूचना कोणाकडे पाहून आली हें सर्वांस कळलें, आणि ती ज्या तोंडांतून आली त्याचें आश्चर्यही वाटलें. भाचीनें कागद पुढें ओढून पांच मिनिटांत सिद्ध करून दाखविलें कीं, असा नियम केला तर दोन वर्षांत लिलावाचा विचका होईल. शहाणे लोक पहिल्या वर्षीं मुद्दाम हरतील आणि दुसऱ्या वर्षीं सगळा बाजार उचलतील. शेठजींचे डोळे त्याच क्षणीं चमकले, त्यावरून तिचें म्हणणें खरें असावें असें आम्हांस वाटलें. अंबरनाथकर म्हणाले, "मला गणित कळत नाहीं. बचत बुडूं नये इतकेंच म्हणतों." त्या तरुणाला विचारलें, तर तो म्हणाला कीं, ताईंचें बरोबर आहे, आणि सूचनेच्या विरुद्ध त्यानें हात वर केला. मतें चार विरुद्ध चार पडलीं. आम्हीं अंबरनाथकरांच्या बाजूनें दिलें. शेवटच्या गाड्यांची वेळ झाल्यामुळें निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे.